गॅस भरण्याआधी पंख्याचा आवाज ऐका

बकरी ईद होऊन चार दिवस झाले होते. जुन्या नाशकातल्या आमच्या घरी सकाळी चहासाठी दूध तापवायला ठेवले, तर ते फाटले. आधी वाटले, दूधच शिळे असेल. मग दही पाहिले, तेही आंबून गेलेले. पाण्याची बाटली हाताला गार लागेना. वरचा फ्रीझर उघडला, तर कुर्बानीच्या गोश्तच्या पिशव्या दगडासारख्या गोठलेल्या. वर बर्फ आणि खाली उन्हाळा, हा काय प्रकार ते कळेना.

दूध-दह्याचे नुकसान सोसता आले असते. पण दाराच्या कप्प्यात अम्मींचे इन्सुलिन होते.

ओळखीतून एक मेकॅनिक आला. त्याने आत हात घालून पाहिले आणि दोन मिनिटांत सांगून टाकले, “गॅस गेलाय. कॉम्प्रेसरही बदलावा लागेल बहुतेक.” त्याने सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. जवळपास तेवढेच पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवले होते. “संध्याकाळी कळवतो,” म्हणून त्याला परत पाठवले.

दुपारी शेजारच्या भाभींनी वडाळा नाक्याकडच्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी पाना-पेचकस काढलाच नाही. फ्रीझरचे दार उघडले, चौकटीतले छोटे बटण बोटाने दाबून धरले आणि आम्हाला गप्प राहायला सांगितले.

“काही ऐकू येतंय?”

काहीच नाही. मागे कॉम्प्रेसर मात्र घुमत होता.

“गॅस गेला असता तर वर एवढा बर्फ कुठून झाला असता? थंडी तयार होतेय, ती खाली पोचत नाही. आतला पंखा बंद आहे बेटा. तो का बंद आहे, ते बघू.”

आत वारा कसा फिरतो

चाचांनी जे समजावले ते आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये पंखा नसतो. तिथे फ्रीझरच्या भिंतीच थंड होतात आणि जड, गार हवा आपोआप खाली उतरते. त्यात बर्फ साचतो, म्हणून बटण दाबून तो वितळवावा लागतो.

दोन दारांच्या ‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रीजचे तसे नाही. थंडी तयार करणारी जाळीदार कॉइल फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड लपलेली असते. तिच्याजवळ एक छोटा पंखा असतो. तो कॉइलवरून हवा ओढतो, थोडी फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी एका नळीवाटे खालच्या कप्प्यात ढकलतो. पंखा थांबला की थंडी कॉइलपाशीच अडकते. फ्रीझर काही दिवस तग धरतो, खालचा कप्पा मात्र लवकर गरम होतो.

कॉइलवर जमणारा बर्फ वितळवायला तिच्याजवळ एक हीटर असतो. तो ठरावीक तासांनी थोडा वेळ चालू होतो आणि वितळलेले पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरते. तेवढा वेळ पंखाही थांबलेला असतो. म्हणून एकदा आवाज आला नाही तर घाबरू नये. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा ऐकावे.

घरच्या घरी काय पाहता येईल

खालचा कप्पा गरम वाटला तर आधी फ्रीझरमधली हवा येण्याची फट पिशव्यांनी दाबली गेली नाही ना, ते पाहा. ईदच्या दिवसांत हे हमखास होते. फ्रीझर गच्च भरला की पंखा चांगला असूनही हवा फिरत नाही.

मग कॉम्प्रेसर चालू असताना दाराचे बटण दाबून कान द्या. दार उघडले की बहुतेक फ्रीजमध्ये पंखा थांबतो, म्हणून बटण दाबणे गरजेचे आहे. काही नव्या फ्रीजमध्ये बटणाऐवजी चुंबक असते. तिथे दार बंद ठेवूनच कान लावावा. हलकी घरघर ऐकू आली तर पंखा फिरतो आहे. खरखर किंवा टकटक आली तर पाते बर्फाला घासत असावे. बटण दाबून पंखा सुरू होत नाही आणि दार बंद करूनही आवाज येत नाही, तर पंखा, त्याची वायर, बटण किंवा सर्किट बोर्ड यांपैकी कुठेतरी दोष आहे.

दाराचे रबरही तपासा. दहा रुपयांची नोट दारात अडकवून ओढा. ती सहज निसटली तर तिथून बाहेरची दमट हवा आत जाते आणि बर्फ वाढतो.

पत्रा उघडणे, मीटर लावणे ही कामे जाणकाराचीच. काही पंख्यांना १२ व्होल्ट लागतात, तर काही जुन्या फ्रीजमधले पंखे थेट घरच्या २३० व्होल्टवर चालतात. अंदाजाने हात घालू नये.

एक गोष्ट मात्र कुणीच करू नये. सुरी किंवा पेचकसाने बर्फ खरवडू नका. कॉइलची नळी पातळ असते. तिला भोक पडले, तर खरोखरच गॅस जातो. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये ‘आर ६०० ए’ म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेणारा वायू आहे. आपल्या फ्रीजमध्ये कोणता गॅस आहे, ते त्याच्या लेबलवर छापलेले असते.

दोष पंख्याचा नव्हताच

चाचांनी फ्रीजची पिन काढली आणि मागचा पत्रा उघडला. वरपासून खालपर्यंत सगळी कॉइल बर्फाने भरलेली होती आणि पंख्याची पाती त्यात रुतली होती. “गॅस कमी असता तर कॉइलच्या एका कोपऱ्यातच बर्फ दिसला असता,” ते म्हणाले. गोश्तच्या पिशव्या तीन शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये वाटून ठेवल्या. फ्रीजची दोन्ही दारे उघडी टाकून, खाली जुनी चादर अंथरून रात्रभर बर्फ वितळू दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी पिन लावली आणि काही वेळाने पंखा फिरू लागला. आम्ही खूश झालो.

चाचा मात्र खूश नव्हते. “दहा-बारा दिवसांनी पुन्हा बंद पडला तर मला बोलवा. तेव्हा कळेल.”

अकराव्या दिवशी खालचा कप्पा पुन्हा गरम झाला. यावेळी चाचांनी मीटर लावून पाहिले. बर्फ वितळवणाऱ्या हीटरच्या वायरीतला फ्यूज उडालेला निघाला. हीटर चालत नव्हता, म्हणून बर्फ साचत होता आणि बर्फ साचला की पंखा अडत होता. ईदला गरम-ओले गोश्त भरून आणि दिवसभर दार उघडून आम्हीही त्यात भर घातली होती. चाचांनी फ्यूज बदलला, हीटर आणि सेन्सर तपासले. हा खर्च पहिल्या मेकॅनिकने सांगितलेल्या रकमेच्या जवळपासही गेला नाही. फीचे पैसे शाबूत राहिले.

घाईने गॅस भरला असता, तर त्या कामासाठी बर्फ वितळला असता, फ्रीज चार दिवस चालला असता आणि आम्हाला वाटले असते की गॅसच गेला होता.

इन्सुलिन आणि गोश्त

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. ते गरम झाले तर बिघडते आणि गोठले तरीही निकामी होते. म्हणून फ्रीज बिघडल्यावर ते फ्रीझरमध्ये सरकवू नये. आमचे इन्सुलिन किती तास गरमीत होते ते सांगता येईना, तेव्हा डॉक्टरांनी ते न वापरता नवी बाटली घ्यायला सांगितली. फ्रीज दुरुस्त होईपर्यंत ती प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवली. मडक्यात फ्रीजइतका गारवा मिळत नाही, पण खोलीपेक्षा नक्कीच कमी तापमान राहते. किती दिवस चालेल, हे मात्र औषधानुसार बदलते, म्हणून डॉक्टरांना विचारावेच.

फक्त वीज गेली असेल तर गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे दोन दिवस, अर्धा भरलेला सुमारे एक दिवस माल गोठलेला ठेवतो. खालच्या कप्प्यातले शिजवलेले अन्न, दूध आणि कच्चे गोश्त यांचा मात्र चार तासांपलीकडे भरवसा धरू नये.

पुढच्या ईदसाठी आम्ही आत्ताच ठरवून ठेवले आहे. गोश्त आधी निथळून गार करायचे, चपट्या छोट्या पिशव्या करायच्या आणि मागच्या भिंतीपासून चार बोटे जागा सोडायची.

पैसे देण्याआधी

मेकॅनिकने “गॅस गेला” म्हटले की विचारा, “कशावरून? पंखा फिरतोय का? कॉइलवर बर्फ कुठपर्यंत आहे?” खरा कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट दाखवतो. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि कच्च्या कागदावर का होईना, पावती घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

हे काम शिकण्यासाठी आयटीआयमध्ये दोन वर्षांचा फ्रीज-एसी दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे. चाचांनी जाताना आमच्या धाकट्याच्या हातात तो उडालेला फ्यूज ठेवला. त्याने तो दप्तरात जपून ठेवला आहे. दार बंद करून फ्रीजला कान लावण्याची सवय आता त्यालाच सगळ्यात जास्त लागली आहे.