खुर्ची आधी उलटी करायची

लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला ठेवतात. मी पिशवीत तीनच गोष्टी नेते. चांगला टॉर्च, भिंग आणि पांढऱ्या चादरीचा एक फडका. घणसोलीहून वाशी, तिथून हार्बरने सीएसएमटी आणि पुढे फोर्टपर्यंत चालत. तळवलीतल्या माझ्या गाळ्यात जुन्या खुर्च्यांची गादीकामं होतात, त्यामुळे लिलावाला जाणं हे मी कामच समजते. घरचे त्याला व्यसन म्हणतात.

लिलावघरात सगळे पुढून बघत असतात. लाकूड शिसवी आहे का, पायांवरचं कोरीवकाम किती, पॉलिश कसं. मी परवानगी घेते आणि खुर्ची उलटी करते. सुटी गादी असेल तर खालून थाप मारली की चौकटीतून वर येते. मग तिच्या पोटावर टॉर्च मारायचा.

पहिला प्रश्न असतो, हे विणलंय की भरलंय? कॅटलॉगमध्ये दोन्हीला सर्रास 'टॅपेस्ट्री' लिहिलेलं सापडतं आणि निम्मे गोंधळ तिथेच सुरू होतात. टॅपेस्ट्री मागावर विणतात. चित्र हेच कापड. बाण्याचे रंगीत धागे आपापल्या जागेपुरते जातात आणि परत फिरतात. हे मराठी माणसाला खरं तर वेगळं सांगायला नको, कारण पैठणीचा पदर याच जातीचा. रंग जिथे भेटतात तिथे बाणे एकमेकांत अडकवलेले, म्हणून मोर उलट बाजूनेही मोरच दिसतो. फ्रान्समधल्या गोबलँ आणि ओब्यूसाँच्या भिंतभर पडद्यांचं आणि येवल्याच्या पदराचं नातं लक्षात आलं, तेव्हा मी बराच वेळ खुळ्यासारखी हसत बसले होते. असा पडदा मागावर बहुधा आडवा पाडून विणतात. म्हणून भिंतीवर टांगला की ताण्याच्या बारीक रेघा आडव्या दिसतात. लिलावात हे तपासायला पाच सेकंद पुरतात.

खुर्चीवर मात्र बहुतेक वेळा भरतकाम असतं. जाळीदार कॅनव्हासवर लोकरीचे टाके. आपल्या आया-आज्या मॅटीवर फुलीचे टाके घालायच्या, त्याचंच हे गोरं भावंड. जुन्या कॅनव्हासात बऱ्याचदा धागे जोडीजोडीने असतात, म्हणजे दुसुतीच. पार्श्वभूमी जोडीवर मोठ्या टाक्याने भरायची आणि चेहरा, बोटं, गुलाबाची पाकळी आली की जोडी सुईने फोडून एकेका धाग्यावर बारीक टाका. एका मोठ्या टाक्याच्या जागी चार बारीक. भिंगाखाली हा बदल दिसला की माझी बोली आपोआप थोडी वर सरकते.

आणि तिसरा प्रकार, ज्याने मला फसवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका लिलावघरातून 'जुनं हातभरतकाम' म्हणून दोन खुर्च्या आणल्या. गर्दी होती, उलट्या केल्या नाहीत. गाळ्यात आणून चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटल्या तर मागच्या बाजूला रंगीत धाग्यांचे लांबच लांब पट्टे, कडेपासून कडेपर्यंत. जकार्ड यंत्राचं कापड. तक्रारीला जागा नव्हती. पावतीवर 'माल आहे तसा, आहे तिथे' असं छापलेलं होतं आणि खाली माझी सही. त्या खुर्च्या अजून गाळ्यात आहेत. आलेल्या गिऱ्हाइकाला बसायला देते.

पाठ बघायचं आणखी एक कारण म्हणजे रंग. पुढून सगळं भुऱ्या, चहाच्या रंगाचं झालेलं असतं. मागे ऊन पोचलेलं नसतं. तिथे भडक जांभळा किंवा राणी रंग दिसला तर मी ते काम १८५६ नंतरचं धरते. त्या साली पर्किन नावाच्या पोराने लंडनमध्ये डांबरापासून जांभळा रंग काढला आणि पुढे सगळ्या लोकरी बदलल्या. काळपट तपकिरी मात्र नीट बघावा. तो पक्का करायला लोखंडाचा क्षार वापरत, तो लोकर आतून खातो. म्हणून जुन्या कामात आधी बाह्यरेषा झडतात. गुलाब शाबूत आणि त्याची कड गायब, खाली नुसती जाळी. गिऱ्हाइकं याला खराबी समजतात. मला ती दिसली की जरा धीर येतो.

मग चौकटीतल्या चुकांची भोकं मोजायची. एकच रांग असेल तर कापड पहिलंच असण्याची शक्यता. तीन-तीन रांगा असतील तर खुर्ची एका घरची, कापड दुसऱ्या घरचं. स्टेपल पिना दिसल्या तर हे लग्न अगदी अलीकडचं. शेवटी फडका जमिनीवर पसरून गादी त्यावर हलकेच झटकायची. वाळूसारखे कण पडले तर कसर आहे, आणि ती बहुधा अजून जेवतेय.

या गोष्टी मुंबईतला जुना बाजार फारशा बघत नाही. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर लाकडाला भाव, कापडाला नाही. मखमल नाहीतर रेक्झिन ठोकली की खुर्ची 'तयार'. फाडलेली लोकर पोत्यात जाते. जरीची जुनी लुगडी आपण वजनावर दिली, ती जाळून लोकांनी चांदी काढली, त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या टोकाला बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेला, लाखो बसरा मोत्यांनी भरलेला. २००९च्या मार्चमध्ये दोह्याच्या लिलावात तो सुमारे ५४ लाख डॉलरला गेला. तोही भरतकामच. पण मोती मोजता येतात, टाके कोण मोजणार?

मागच्या लिलावात मी हेरलेली, गुलाबाच्या गादीची खुर्ची आठ हजारांवर सुरू झाली. मी घरूनच आकडा कागदावर लिहून नेते, वीस. हातोड्याच्या रकमेवर लिलावघराचं कमिशन आणि जीएसटी चढतो, वर टेम्पो, म्हणून वीस म्हणजे मनात सव्वीस. समोरचा व्यापारी लाकडासाठी खेळत होता. अठराला तो थांबला. एक वार, दोन वार, आणि हातोडा पडला. छोटा हत्ती वाशीचा खाडीपूल ओलांडून तळवलीत पोचला तेव्हा दिवे लागले होते.

फडक्यावर कण पडलेच होते. कसरीवर माझा भरवसा डांबराच्या गोळ्यांवर नाही, थंडीवर आहे. गादी दोन प्लॅस्टिकमध्ये हवा काढून घट्ट बांधायची आणि उणे अठरावर दोन आठवडे. आमच्या गल्लीत लग्नाच्या जेवणाची कामं घेणारे एक शेजारी आहेत, त्यांच्याकडे मोठा फ्रीझर आहे. पापलेटांच्या शेजारी माझा गुलाब ठेवायला ते आता कुरकुरत नाहीत, फक्त दर वेळी विचारतात, "ताई, खुर्ची गोठली का?" बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर दमट हवेचं पाणी थेट लोकरीवर बसतं.

पिशवी उघडली त्या दिवशी शेजाऱ्यांची आई गाळ्यात आली होती. सत्तरी ओलांडलेली आगरी बाई. काय एवढं जपतेस, बघू दे, म्हणाली. मी गादीचा कॅनव्हास सोडवून पालथा घातला. चष्मा कपाळावर सरकवून तिने अगदी डोळ्यांजवळ धरला.

"फुली नाय ही. अर्धीच फुली हाय."

"हो ना."

"मंग मागं एवढी लोकर कशी लागली?"

हे मी कॅटलॉग लिहिणाऱ्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. अर्धी फुली दोन रीतींनी घालता येते. एकीत मागे आखूड उभे टाके पडतात, लोकर वाचते. दुसरीत मागे लांब तिरके टाके पडतात, लोकर बरीच जास्त जाते, पण खालून गादीसारखा थर तयार होतो आणि बसून बसून लवकर झिजत नाही. आमचं हे दुसरं होतं.

"बसाया केलंय म्हणून," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग तिचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं, जिथे तिरके टाके अचानक आखूड झाले होते, हातभर पट्टीत तसेच गेले होते आणि पुन्हा लांब झाले होते.

"हितं लोकर सरत आली व्हती," ती म्हणाली, आणि पुढची नवी लोकर कुठून सुरू झाली ते शोधायला लागली.