आधी रेल्वे, मग सामायिक गाडी

स्वित्झर्लंडमधली ‘मोबिलिटी’ ही सहकारी संस्था 1997 साली दोन छोट्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. सभासद गाडी आधी राखून ठेवतो, घराजवळच्या किंवा रेल्वे स्थानकाबाहेरच्या ठरलेल्या जागेवरून ती स्वतः चालवत नेतो आणि काम झालं की तिथेच आणून लावतो. भाडं तासांवर आणि किलोमीटरवर. विमा, इंधन, दुरुस्ती संस्थेकडे. लोक अशा कारशेअरिंगला का तयार होतात, असं विचारलं की बचत आणि पर्यावरण ही दोन कारणं पुढे येतात. ती खोटी नाहीत, पण निर्णय त्यांच्यावर होत नाही. ज्याच्या दारात गाडी आहे, त्याच्या लेखी तिची किंमत, विमा, घसारा हे सगळं कधीच खर्ची पडलेलं असतं. प्रत्येक फेरीला तो मोजतो फक्त पेट्रोल. त्यामुळे तासाचं भाडं त्याला महागच वाटणार. जुनी गाडी मोडीत निघाली, घर किंवा नोकरी बदलली, की मगच खरा हिशेब मांडला जातो, आणि तेव्हाही पहिला प्रश्न दराचा नसतो. हवी त्या दिवशी गाडी मिळेल का, हा असतो.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर रेल्वे देते. 1982 पासून स्विस रेल्वेगाड्या देशभर ठरावीक अंतराने धावतात आणि बसच्या वेळा त्यांना जोडलेल्या असतात. रोजची ये-जा तिथे निभावते. गाडी लागते ती कपाट आणायला, आडगावी जायला. गरजच क्वचित असल्यामुळे एखाद्या शनिवारी गाडी नाही मिळाली तरी अडत नाही. रोजच्या कामाची भिस्त ज्याची गाडीवर आहे, तो मात्र असा धोका पत्करणार नाही.

पण मेट्रो तर पॅरिसमध्येही होती, मग तिथली ‘ऑटोलिब’ का बुडाली? 2011 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही विजेच्या गाड्यांची सेवा 2018 च्या जुलैत बंद पडली. सभासद लाखाच्या वर होते; पण तोटा वाढत गेला आणि गाड्यांच्या अस्वच्छतेच्या तक्रारीही. म्हणजे गाडी मिळण्याइतकीच ती कोणत्या अवस्थेत मिळते, याचीही शाश्वती लागते. बार्डी आणि एकहार्ट या अभ्यासकांनी 2012 मध्ये अमेरिकेतल्या ‘झिपकार’च्या ग्राहकांविषयी लिहिलं, तेव्हा त्यांना सामुदायिक जिव्हाळा आढळलाच नाही. ग्राहकांना इतर सभासदांशी नातं नको होतं, कंपनीचे कडक नियम आणि दंड हवे होते. (जाहिरातींतलं ‘आपलं कुटुंब’ मग कोणासाठी असतं, देव जाणे.)

गाडी ही प्रतिष्ठा आहे, ती कोण सोडेल, हा आक्षेप उरतोच. तो अर्धा मान्य करावा लागेल: खुद्द स्वित्झर्लंडमध्येही बहुसंख्य कुटुंबांकडे स्वतःची गाडी आहे. पण प्रतिष्ठेला एक गाडी पुरते. कारशेअरिंगला वाव आहे तो दुसऱ्या गाडीच्या जागी, आणि त्यासाठी सामायिक गाडी घराजवळच मिळायला हवी. जर्मनीतल्या ब्रेमेन शहराने 2003 पासून रस्त्याकडेच्या जागा सामायिक गाड्यांसाठी राखून ठेवायला सुरुवात केली, ती त्यांना घराजवळ हक्काची जागा मिळावी म्हणून. जाहिरातीपेक्षा हे स्वस्त, पण राजकीयदृष्ट्या अवघड; कारण राखीव झालेल्या त्या जागेवर कालपर्यंत कोणाची तरी खासगी गाडी उभी राहत होती.