नवे कार्ड बसवले, तरी गेम का अडखळतो?

घरातला मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरवर गेम खेळते. मित्रांकडून ऐकून, व्हिडिओ पाहून एक दिवस कॉम्प्युटरची गती वाढवली जाते, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग केले जाते. काही दिवस खुशीत जातात आणि मग गेम अडखळू लागतो. चित्र क्षणभर थांबते, झटका देऊन पुढे सरकते. निदान ठरलेले असते : ग्राफिक्स कार्ड गेले! अम्मीला मध्यस्थी करायला लावून, अब्बांच्या मागे भुणभुण करून, ईदी आणि बचत एकत्र करून नवे कार्ड घरात येते. आणि ते बसवल्यावरही गेम पूर्वीसारखाच अडखळतो.

चांगले ग्राफिक्स कार्ड ही आपल्यापैकी अनेक घरांत महिन्याच्या मिळकतीएवढी खरेदी असते. म्हणून हा विषय केवळ मुलांच्या खेळाचा राहत नाही. या लेखात आम्ही जे सांगणार आहोत त्याचे सार एवढेच : कार्ड बदलले तरी ओव्हरक्लॉकिंग बदलत नाही. प्रोसेसरची आणि रॅमची वाढवलेली गती मदरबोर्डच्या बायोसमध्ये साठवलेली असते. जुने कार्ड निघून नवे आले, तरी ती तिथेच राहते आणि नव्या कार्डाच्या वाट्याला जुनेच दुखणे येते. म्हणून आधी सगळे मूळ जागी आणावे, मग तपासावे, आणि खरेदीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

अडखळणे म्हणजे नेमके काय?

गेममधले चित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची मालिका. सेकंदाला ६० फ्रेम्स यायच्या असतील तर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर हा वेळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो.

आता एक हिशोब पाहा. एका सेकंदात ५९ फ्रेम्स प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम ११५ मिलिसेकंद अडकली. एकूण १,००० मिलिसेकंद, एकूण ६० फ्रेम्स. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा ‘६०’ दाखवील आणि खेळणाऱ्याला मात्र झटका स्पष्ट जाणवेल. सरासरीच्या आकड्यात हे दुखणे दिसतच नाही. ‘टेक रिपोर्ट’ या अमेरिकी संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी २०११ साली हीच गोष्ट मांडली आणि ‘सेकंदाच्या आत’ काय घडते ते मोजायला सुरुवात केली. तेव्हापासून जाणकार परीक्षक सरासरीसोबत प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळही पाहतात.

तुम्हीही तेच करा. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा कॅपफ्रेमएक्स यांसारखे मोफत प्रोग्रॅम फ्रेमटाइमचा आलेख दाखवतात. रेघ सपाट असेल तर गेम सुरळीत चालला आहे. रेघेत मधूनच सुळके दिसत असतील तर तेच अडखळणे. गेममधली एकच जागा निवडा, तिथेच दर वेळी दोन-तीन मिनिटे खेळा आणि आलेखाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक बदलाची तुलना या फोटोशी करायची आहे.

गती वाढवली, मग काम मंद कसे झाले?

मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे समजायला वेळ लागणार नाही. यंत्रमाग ठरल्यापेक्षा जोरात पळवला तर धागा वारंवार तुटतो. माग थांबवा, धागा जोडा, पुन्हा सुरू करा. दिवसाअखेर कापड मोजले तर वेग वाढवूनही ते कमीच भरते.

ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचेही असेच होते. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० सारख्या कार्डांच्या मेमरीत चूक ओळखून तीच माहिती पुन्हा पाठवण्याची सोय आहे. गती हद्दीबाहेर नेली की कार्ड लगेच बंद पडत नाही. ते चुका दुरुस्त करत बसते आणि त्यात वेळ घालवते. आकडा वाढलेला दिसतो, काम घटलेले असते. ‘कॉम्प्युटर हँग होत नाही, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग बरोबर आहे’ हा समज म्हणूनच धोक्याचा.

रॅमच्या बाबतीत गोष्ट आणखी गंभीर आहे. अस्थिर रॅममुळे हार्ड डिस्कवर लिहिली जाणारी माहितीच चुकीची लिहिली जाऊ शकते. त्याच कॉम्प्युटरवर निकाहाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट आणि दुकानाचे हिशोब असतात. गेम अडखळला तर करमणूक बिघडते, फाइल बिघडली तर ती परत मिळेलच असे नाही.

पहिली पायरी : सगळे मूळ जागी

आधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. मग ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ हा पर्याय निवडा. काही कॉम्प्युटर यानंतर सुरू होताना अडतात. तसे झाले तर फोटो पाहून डिस्कची जोडणी, म्हणजे एएचसीआय किंवा रेड, पूर्वीसारखी करा.

रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल हेदेखील ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तपासणीपुरते तेही बंद ठेवा. कार्डाची गती वाढवणारे प्रोग्रॅम, कमी व्होल्टेजची सेटिंग, पंख्यांचे आणि रंगीत दिव्यांचे प्रोग्रॅम, सगळे बंद करा. विंडोज सुरू होताना ते आपोआप चालू होणार नाहीत एवढे पाहा.

आता त्याच जागी तोच गेम खेळा. सरासरी थोडी कमी होईल, तिची फिकीर करू नका. रेघ सपाट झाली का, एवढेच पाहा. झाली असेल तर दोष सापडला. मग एकेक गोष्ट परत चालू करा : आधी रॅम, मग प्रोसेसर, शेवटी कार्ड. प्रत्येक बदलानंतर किमान एक दिवस थांबा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. त्यात एकही चूक आली तरी ती सेटिंग सोडून द्या. दोन बदल एकाच वेळी केले तर कोणत्या बदलाने काय झाले हे कधीच कळणार नाही.

दुसरी पायरी : नव्या कार्डाची जोडणी

मूळ सेटिंगवरही गेम अडखळत असेल तर कॅबिनेट उघडा. प्लग काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून, धातूच्या भागाला हात लावून मगच आत हात घाला.

मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की मदरबोर्डला? घाईत ती मदरबोर्डला लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. कार्ड बदलल्यावर विंडोजने मॉनिटर पुन्हा ६० हर्ट्झवर नेला आहे का, तेही डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहा.

कार्ड स्लॉटमध्ये शेवटपर्यंत बसले आहे का? जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम कार्डाला किती लेन मिळाल्या ते दाखवतो. कार्ड निवांत असताना वीज वाचवण्यासाठी हा वेग कमी दिसतो, म्हणून त्यातली चाचणी चालू ठेवून आकडा वाचा. काही स्वस्त कार्डांना लेनच कमी असतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आणि ४ जीबी मेमरी आहे. पीसीआय एक्सप्रेस ३ च्या जुन्या मदरबोर्डवर त्याचा रस्ता निम्म्याने अरुंद होतो. असे कार्ड घेण्याआधीच आपला मदरबोर्ड कोणत्या पिढीचा आहे ते पाहावे.

वीजपुरवठ्याचा हिशोब सरळ आहे. स्लॉटमधून ७५ वॉट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट. कार्डाला दोन जोडण्या हव्या असतील तर एकाच केबलची दोन टोके वापरण्यापेक्षा एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा.

मग ड्रायव्हर. जुन्या कार्डाचे अवशेष राहू नयेत म्हणून विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करा, इंटरनेट बंद ठेवून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि नवा टाका. त्यानंतर थोडा सब्र हवा. नवे कार्ड किंवा नवा ड्रायव्हर आला की गेमचे शेडर, म्हणजे प्रकाश आणि रंग रेखाटणाऱ्या छोट्या आज्ञावली, नव्याने तयार कराव्या लागतात. काही गेम हे काम खेळ चालू असतानाच करतात, म्हणून पहिल्या तास-दोन तासांत झटके येतात. त्याच जागी दुसऱ्यांदा गेल्यावर झटका येत नसेल तर कार्डात दोष नाही.

झटका कधी येतो, त्यावरून कारण

हकीम नाडी पाहतो, तसे इथे वेळ पाहायची.

पंधरा-वीस मिनिटे ठीक चालून मग अडखळू लागले, तर उष्णतेचा संशय घ्या. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीजवळ असते. त्यात धूळ भरलेले कॅबिनेट भिंतीला टेकवले की चिप स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान आणि गती शेजारी-शेजारी पाहा. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावल्यावर फरक पडला, तर कारण कळले.

नव्या भागात शिरताना किंवा वेगाने वळताना अडखळले, तर कार्डाची मेमरी भरली असेल किंवा गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल. टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा. गेम एसएसडीवर हलवा. २०२३ च्या स्टारफिल्डसारख्या गेमना तर एसएसडी आवश्यकच आहे.

ठरावीक अंतराने झटका येत असेल तर पार्श्वभूमीतला एखादा प्रोग्रॅम कारण असतो. कधी कधी तापमान मोजणारा प्रोग्रॅमच झटके देतो. तो बंद करूनही एकदा खेळून पाहा.

गर्दीच्या दृश्यात अडखळले आणि कार्डाचा वापर निम्म्यावर दिसला, तर प्रोसेसर मागे पडतो आहे. जोमदार कार्ड आले, पण त्याला काम पुरवणारा प्रोसेसर जुनाच राहिला. अशा वेळी फ्रेमची मर्यादा घाला. ४० ते ९० मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ६० डोळ्यांना कितीतरी बरे वाटतात, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

दोष कार्डाचा नव्हताच

कार्डावर आळ आणि दोष भलतीकडे, याची दोन मोठी उदाहरणे नोंदलेली आहेत. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केले, की काही रायझन कॉम्प्युटर मदरबोर्डमधल्या एफटीपीएम या सुरक्षा सोयीमुळे मधूनच अडखळतात. त्यावर उपाय बायोसच्या नव्या आवृत्तीत आला.

दुसरे उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरचे. काही गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडत. साहजिकच लोक कार्डाला दोष देत. खरे कारण प्रोसेसरला मिळणारे जास्तीचे व्होल्टेज होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी नवे मायक्रोकोड दिले आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो. तुमच्या घरी या पिढीचा प्रोसेसर असेल तर बायोस आजच अद्ययावत करा.

खरेदीआधी, आणि विकण्याआधी

इतके करूनही शंका उरली तर नात्यातल्या किंवा शेजारच्या कोणाचे चालू कार्ड एका संध्याकाळपुरते मागून आणा आणि आपले त्यांच्याकडे लावून पाहा. त्यांच्या कॉम्प्युटरवरही आपले कार्ड अडखळले, तरच दोष कार्डाचा. मग बिल, खोका आणि सिरीयल नंबर घेऊन वॉरंटीसाठी दुकानात जा.

पालकांना आमची एक विनंती. मूल ‘कार्ड गेले’ म्हणाले, तर रागावू नका आणि लगेच पैसेही काढू नका. एक वही द्या. तारीख, कोणता एक बदल केला, आलेख कसा दिसला, एवढे तीन रकाने आठवडाभर भरायला सांगा. पुष्कळदा वही भरता भरताच कारण सापडेल. नाही सापडले, तरी दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे काम झालेले असेल.

आणि जुने कार्ड विकायचे ठरले, तर त्यावर ओव्हरक्लॉकिंग केले होते हे घेणाऱ्याला आधी सांगा. मालातला ऐब लपवून विकू नये, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून सांगितले जाते. घेणाराही कदाचित कुणाची ईदी साठवूनच आलेला असेल.