खोक्यातली रिकामी जागा

दिवाळीच्या पंधरवड्यात नागपुरातून बाहेर पडणाऱ्या पार्सलांत काय नसतं! पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीसाठी संत्रा बर्फी, बंगळुरातल्या भाच्यासाठी सावजी मसाला, परदेशातल्या नातवंडांसाठी चकली, चिवडा आणि अनारसे, शिवाय भंडाऱ्याकडची टसर साडी, पणत्या, उटणं. पूर्वी हा व्यवहार मोठ्या पेढ्यांच्या हातात होता. आता घरबसल्या मोबाइलवर ऑर्डर घेऊन जेवणाच्या टेबलावर पॅकिंग करणाऱ्या असंख्य बाया-माणसांचा तो झाला आहे.

दुकानात गिऱ्हाईक माल हाताळून पाहतं, वास घेतं, दुकानदाराशी दोन शब्द बोलतं. ऑनलाइन खरेदीत ही सगळी कामं खोक्यावर येऊन पडतात. खोकं उघडतानाचा व्हिडिओ चार ठिकाणी फिरला तर आणखी चार ऑर्डरी येतात. म्हणून नवीन धंदा सुरू करणाऱ्याला पॅकिंगवर हात सैल सोडावासा वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. सणाची वस्तू सजूनच यावी.

पण उघडून झाल्यावर जे उरतं, ते दुसऱ्या दिवशी कचरागाडीत पडतं. नागपूर शहरातून रोज हजार टनांच्या वर कचरा निघतो. वर्षानुवर्षं तो भांडेवाडीच्या कचरा डेपोत साठत आला. उन्हाळ्यात तिथे आग लागली की पूर्व नागपुरातल्या वस्त्यांना धूर सोसावा लागतो. आपल्या घरातली साटीनची रिबीन त्याच वाटेनं जाते.

मग सजावट नकोच म्हणायची का? मुळीच नाही. देखणेपणाचं आणि काटकसरीचं वैर नाही. या दोघांचेही शत्रू दोनच: खोक्यातली रिकामी जागा, आणि एकमेकांना डकवून कायमची जोडलेली वेगवेगळ्या जातींची सामग्री.

मालाचा स्वभाव आधी

चांगलं पॅकिंग मालाच्या स्वभावातून जन्माला येतं, हे विदर्भाला संत्र्यानं फार आधी शिकवलं. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते. सोलायला सोपी, पण दाब आला की फळ लगेच दुखावतं. शिवाय तोडल्यावरही फळाचा श्वास चालू असतो. म्हणून लाकडी पेटीत तणसाच्या गादीवर संत्र्यांचे थर लावत. तणस धानाच्या शेतातलंच. पेटी रिकामी झाली की ते गुरांपुढे जाई किंवा उकिरड्यावर कुजून खत होई. पुढे पुठ्ठ्याची खोकी आली, तीही बाजूला भोकं ठेवलेली, कारण कोंडलेलं फळ सडतं.

टपालाच्या पार्सलाचंही तसंच होतं. जाड कापडात सामान शिवून टाक्यांवर लाखेचा शिक्का मारत. मधेच कोणी उघडलं तर लगेच कळे, आणि घरी पोचल्यावर ते कापड कुठल्या तरी कामी येई.

आजचं तपकिरी खोकं हेही कमी सामग्रीत जास्त काम करण्याच्या विचारातून आलं. पन्हळी कागद पॅकिंगसाठी वापरायचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ मध्ये घेतलं, तेव्हा काचेच्या वस्तू सुखरूप नेणं हा उद्देश होता. दोन सपाट कागदांमध्ये एक लाटदार कागद चिकटवला की ‘थ्री प्लाय’ पुठ्ठा होतो. ताकद कागदाच्या जाडीत कमी, त्या लाटांच्या कमानीत जास्त. हलक्या मालाला थ्री प्लाय पुरतं, जड किंवा काचेच्या मालाला फाइव्ह प्लाय लागतं. सगळ्याच मालाला सरसकट फाइव्ह प्लाय वापरणं हीसुद्धा उधळपट्टीच.

टेप घेऊन माप

रिकाम्या जागेचा हिशेब एकदा समोर मांडून पाहू. संत्रा बर्फीचा अर्धा किलोचा डबा २० सेंमी लांब, १५ रुंद आणि ५ उंच धरू. म्हणजे १,५०० घनसेंमी. घरात ३० बाय २५ बाय २० चं खोकं पडलेलं आहे म्हणून तेच घेतलं, तर त्याचं घनफळ १५,००० होतं. दहा भागांपैकी नऊ भाग रिकामे! ते भरायला बबल रॅप आला, कागदाच्या रंगीत पट्ट्या आल्या आणि डबा हलू नये म्हणून टेपचे वेढेही आले.

आता कुरिअरचं बिल पाहा. बहुतेक कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० नं भागायचं. मोठ्या खोक्याचं वजन भरलं ३ किलो. तोच डबा २२ बाय १७ बाय ८ च्या खोक्यात घातला तर जेमतेम ०.६ किलो, म्हणजे बिल प्रत्यक्ष वजनाच्या आसपास येतं. शिवाय पुठ्ठा कमी, भरण कमी, टेप कमी. आणि उघडणाऱ्याला काय दिसतं? पट्ट्यांच्या ढिगात हरवलेला डबा नव्हे, चपखल बसलेला डबा. बेतात शिवलेल्या कपड्याला जी ऐट असते, तीच मापाच्या खोक्याला असते.

जगही याच दिशेनं निघालं आहे. युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्तित्वात आला. त्यानुसार २०३० पासून ऑनलाइन मालाच्या खोक्यात रिकामी जागा ५० टक्क्यांहून जास्त चालणार नाही. विशेष म्हणजे भरणासाठी कोंबलेला कागद किंवा हवेच्या पिशव्या हीसुद्धा रिकामीच जागा धरली जाईल. दक्षिण कोरियानंही २०२४ मध्ये पार्सलांसाठी ५० टक्क्यांची मर्यादा आणली. आपलं २२ बाय १७ बाय ८ चं खोकं या कसोटीला उतरतं.

कबाडीवाला घेईल का?

दुसरी कसोटी आपल्या गल्लीतच आहे. साधा पुठ्ठा कबाडीवाला किलोच्या भावानं आनंदानं नेतो. मॅट लॅमिनेशन, लोहचुंबकाचं झाकण, आत फोम आणि त्यावर चिकटवलेलं साटीन असा भेटीचा डबा मात्र तो बाजूला सारतो. त्याला दोष देता येत नाही. कागद गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात. प्लास्टिकचा पापुद्रा, फोम, चमकी, गोंद यांचा लगदा होत नाही, ते वेगळं काढून टाकावं लागतं. एवढा खटाटोप परवडत नाही म्हणून असा डबा थेट कचऱ्यात जातो.

कागद वापरला म्हणून सगळं पुण्यच, असंही नाही. दरवेळी पुन्हा लगदा करताना तंतू आखूड होत जातात आणि काही फेऱ्यांनंतर निकामी होतात. मग नवा बांबू, नवं लाकूड लागतंच. बल्लारपूरची कागद गिरणी विदर्भात उभी राहिली ती जवळच्या जंगलातल्या बांबूच्या भरवशावर.

म्हणून सजावट करावी, पण एकाच जातीची आणि सुटी होणारी. तपकिरी खोक्यावर एकाच शाईचा रबरी शिक्का सुरेख दिसतो. बबल रॅपऐवजी जाळीदार कागद, रिबिनीऐवजी सुती दोरा, प्लास्टिकच्या टेपऐवजी ओली करून चिकटवायची कागदी टेप. आभाराचे दोन शब्द हातानं बिलाच्याच पाठीवर लिहिले तर वेगळं कार्ड लागत नाही.

याहून उत्तम म्हणजे पॅकिंगच वापरात राहणं. टसरची साडी प्लास्टिकमध्ये फार काळ ठेवू नये, ओल कोंडून रेशीम खराब होतं. हीच साडी सुती पिशवीत घालून पाठवली तर ती पिशवी पुढे कित्येक वर्षं कपाटात साडीची राखण करील. तिच्यावरचं विणकराच्या गावाचं नाव दर सणाला पुन्हा वाचलं जाईल. अशी जाहिरात महागड्या डब्यानं होत नाही.

कायद्याचं बोट

महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. त्या यादीत मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्मही आहे, ही गोष्ट दिवाळीत अनेकांच्या ध्यानात राहत नाही. ॲमेझॉननं २०२० मध्ये आणि फ्लिपकार्टनं २०२१ मध्ये आपल्या भारतातल्या गोदामांतल्या पॅकिंगमधून एकदाच वापरायचं प्लास्टिक हटवल्याचं जाहीर केलं. घरगुती विक्रेत्याला तर हे आणखी सोपं आहे, कारण कुठल्या वस्तूला काय लागतं हे त्याच्या हातांना माहीत असतं.

काटकसरीची हद्द

मात्र पॅकिंग इतकंही कमी नको की मालच फुटावा. फुटलेली बरणी म्हणजे आतलं लोणचं, तेल, मसाले, बनवणाऱ्याची मेहनत आणि जाण्यायेण्याचं इंधन, सगळं वाया. तो कचरा खोक्यापेक्षा कितीतरी मोठा. बर्फीला हवाबंद आतलं आवरण लागतंच, तिथे हात आखडू नये. वर्तमानपत्राचा कागद खाद्यपदार्थाला लागू देऊ नये. छपाईच्या शाईमुळे अन्नसुरक्षेच्या नियमांत त्याला मनाई आहे. बंद डब्याच्या बाहेर आधार म्हणून तो खुशाल वापरावा. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरून नरम पडतो, तर नागपुरी उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की बर्फी सुटते. त्या दिवसांत एक पदर जास्त लागला तर तो सत्कारणीच. म्हणून पहिलं पार्सल गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी कमरेच्या उंचीवरून चार-सहा वेळा, कोपऱ्यांवर आणि कडांवर टाकून पाहावं. आतला माल शाबूत राहिला की एक पदर काढून पुन्हा टाकून पाहावं. कुठे थांबायचं ते खोकंच सांगतं.

यात गिऱ्हाइकाचा वाटाही मोठा आहे. घरच्यासाठीच मागवत असाल तर ‘भेटीचं पॅकिंग नको’ असं कळवा. चार वस्तू चार दिवशी न मागवता एकदम मागवा. पार्सल कात्रीनं नीट उघडा, टेप आणि लेबल काढून पुठ्ठा सपाट करून कोरडा ठेवा, खरकट्यात मिसळू देऊ नका. आणि एखादं छोटं, साधं, मापाचं खोकं दारात आलं तर विक्रेत्याला आवर्जून दाद द्या. भपक्याला मिळते तेवढी वाहवा नेटकेपणाला मिळू लागली, तर येत्या दिवाळीत विक्रेते आपणहून टेप घेऊन माप काढायला बसतील.