स्पंदणाऱ्या हृदयाचे घनचित्र

मानवी कानास सुमारे २०,००० हर्ट्झहून अधिक कंप्रतेचा ध्वनी ऐकू येत नाही. अशा ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे हृद्रोगतज्ज्ञ इंगे एड्लर व भौतिकीविद् हेल्मुट हेर्ट्स यांनी, धातूंतील दोष शोधण्याच्या यंत्राच्या साहाय्याने, जिवंत हृदयाचे प्रतिध्वनी नोंदविले. पुढे या प्रतिध्वनींपासून हलते छेदचित्र मिळू लागले.

परंतु छेद म्हणजे संपूर्ण वस्तू नव्हे. डावी कर्णिका व डावी जवनिका यांमधील द्विदल झडपेचे कडे सपाट नसते. घोड्याच्या खोगिराप्रमाणे ते पुढेमागे उंच व दोन्ही बाजूंस खोल असते. नेमक्या खोल बाजूंमधून छेद घेतला, तर निरोगी झडपेची दलेही कर्णिकेत फुगल्यासारखी भासतात. त्यामुळे पूर्वी काही निरोगी व्यक्तींवरही रोगाचा शिक्का बसे. १९८० नंतरच्या दशकात रॉबर्ट लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिमितीय रचना मांडून हा भ्रम उघड केला.

मग आरंभापासूनच घनचित्र का घेतले गेले नाही? याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. शरीराच्या मऊ ऊतींत ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. १५ सेंटिमीटर खोल जाऊन परत येण्यास त्यास सुमारे ०.०००२ सेकंद लागतो. घनाकृतीसाठी ६० × ६०, म्हणजे ३,६०० दिशांना एकेक स्पंद पाठवावयाचा, तर ०.७ सेकंद निघून जातो. तेवढ्यात हृदयाचा जवळजवळ एक ठोका पुरा होतो! यावर दोन उपाय आहेत. एका स्पंदाचे प्रतिध्वनी एकाच वेळी अनेक दिशांनी टिपणे हा पहिला. विद्युत्-हृल्लेखाच्या आधारे अनेक ठोक्यांतील तुकडे जोडणे हा दुसरा. दुसऱ्या उपायात रुग्णाचा श्वास हलला किंवा ठोके अनियमित असले, तर सांधा चुकतो. सन २००२ च्या सुमारास सुमारे ३,००० सूक्ष्म घटकांची शोधनी प्रचारात आली व घनचित्रण पुष्कळ सुलभ झाले.

तरीही एक अडचण उरते. घनाकृती तयार झाली, तरी वैद्याच्या समोरचा पडदा सपाटच असतो. म्हणून जवळचे भाग तांबूस व दूरचे निळसर रंगविले जातात. काही यंत्रे कल्पित दिव्याचा प्रकाश टाकून छाया दाखवितात. झडप कर्णिकेच्या बाजूने, शस्त्रवैद्यास दिसते तशीच, मांडली जाते. मात्र चित्र सुंदर असले म्हणजे ते सत्य असतेच असे नाही. पातळ पडद्याचा प्रतिध्वनी क्षीण असल्यास तेथे खोटे छिद्र दिसते. प्रवर्धन फार वाढविल्यास खरे छिद्रही बुजते. यास्तव घनचित्रातील संशयास्पद जागा मूळ छेदांतही पडताळून पाहावी लागते.

या काटेकोरपणाचे महत्त्व भारतात विशेष आहे. संधिज्वरानंतर द्विदल झडप आकुंचित झालेले रुग्ण येथे आजही आढळतात. निरोगी झडपेचे मुख ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते, ते १.५ किंवा त्याहून कमी झाल्यास आकुंचन तीव्र समजतात. अशी झडप नरसाळ्यासारखी असते. छेद तिच्या टोकाऐवजी थोडा वर किंवा तिरपा गेला, तर मुख वास्तविकतेपेक्षा मोठे मोजले जाते, आणि जिची झडप फुग्याने रुंदावणे आवश्यक आहे अशी स्त्री उपचारावाचून घरी परतू शकते. घनाकृतीत मात्र छेदाची पातळी फिरवून अरुंद टोकाशी काटकोनात आणता येते. तेथे घेतलेले मोजमाप अधिक विश्वसनीय ठरते.