ताप तोच, जंतू वेगळा! बॅक्टेरिया आणि व्हायरसमधला फरक नेमका काय?

रोवणीचे दिवस आले, बांध्यांमध्ये पाणी साचलं, की गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तापाचे रुग्ण वाढायला लागतात. कुणी तापानं फणफणलं की घरातला पहिला प्रश्न असतो, "मलेरिया तर नाही ना?"

प्रश्न बरोबरच आहे. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिलाय. पण मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली तर? तो डेंगू असू शकतो. स्क्रब टायफसही असू शकतो.

सुरुवातीला तिन्ही आजार सारखेच वाटतात. थंडी वाजते, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. पण डेंगू होतो व्हायरसमुळे, स्क्रब टायफस बॅक्टेरियामुळे आणि मलेरिया या दोन्हींमुळे नाही, तर परजीवीमुळे. म्हणून तिन्हींचे उपचारही वेगळे.

आधी बॅक्टेरिया समजून घेऊ

बॅक्टेरिया म्हणजे एकाच पेशीचा जीव. स्वतः खातो, ऊर्जा तयार करतो आणि एकाचे दोन होत वाढतो. आपल्या आतड्यातला ई-कोलाय योग्य परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. बहुतेक बॅक्टेरिया आपल्याला त्रास देत नाहीत. दुधाचं दही करणारेही तेच.

त्रास देणारे मात्र वेगवेगळ्या वाटांनी देतात. कॉलऱ्याचा बॅक्टेरिया आतड्यात विष सोडतो, त्यामुळे शरीरातलं पाणी जुलाबावाटे निघून जातं. कुष्ठरोगाचा बॅक्टेरिया नसांवर हल्ला करतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी ज्या रुग्णांसाठी आनंदवन उभारलं, त्यांचा हा आजार. नसा निकामी झाल्या की हातापायांना चटका, काटा काही कळत नाही. मग जखमा चिघळतात. हा बॅक्टेरिया इतका संथ वाढतो की दुप्पट व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून लक्षणं दिसायला अनेक वर्षं जाऊ शकतात. औषधांनी मात्र हा आजार पूर्ण बरा होतो.

मग व्हायरस काय करतो?

व्हायरसला पेशीच नसते. प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेली जनुकीय माहिती, एवढाच त्याचा संसार. आकारही फार लहान. एक मायक्रॉन लांबीच्या बॅक्टेरियाशेजारी डेंगूचे व्हायरस ओळीनं ठेवले, तर साधारण २० बसतील.

तो एकटा वाढू शकत नाही. आपल्या पेशीत शिरतो आणि तिथली यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. काही पेशी त्यात मरतात. उरलेलं नुकसान कधीकधी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या भडक्यानं होतं. गंभीर डेंगूत रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपायला लागतो, तो बराचसा यामुळेच.

विदर्भाचं नाव लागलेला एक व्हायरसही आहे. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांमध्ये तो सापडला, म्हणून तो चांदीपुरा व्हायरस. वाळूमाशी चावल्यानं पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. त्यावर खास औषध किंवा लस आजही नाही.

अँटिबायोटिक व्हायरसवर का चालत नाही?

अँटिबायोटिक बॅक्टेरियाच्या एखाद्या भागावर घाव घालतं. पेनिसिलिन त्याची भिंत मोडतं, डॉक्सिसायक्लिन त्याचं प्रथिनं बनवणं थांबवतं. व्हायरसकडे ना ती भिंत, ना तो कारखाना. मग गोळी मारा करणार कशावर?

काही व्हायरसवर वेगळी औषधं आहेत, उदाहरणार्थ एचआयव्हीवर. डेंगूत मात्र द्रवाचं प्रमाण सांभाळणं आणि रुग्णावर लक्ष ठेवणं हाच मुख्य उपचार. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळायचं, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

स्क्रब टायफसचं याच्या उलट. गवता-झुडपातल्या बारीक कीटकाच्या, म्हणजे चिगरच्या चावण्यातून तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात त्याची साथ आली आणि त्यात मृत्यूही झाले. खरं तर वेळेत डॉक्सिसायक्लिन मिळालं तर ताप बहुतेकदा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी, मेंदू धोक्यात येतात. एक खूण लक्षात ठेवा: काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी भाजल्यासारखी काळी खपली. ती प्रत्येकाला येत नाही, पण दिसली तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

गडचिरोलीनं जगाला शिकवलेला धडा

प्रयोगशाळा दूर असेल तर काय करायचं? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीत याचं उत्तर शोधलं. लहान मुलाचा खोकला साधी सर्दी आहे की न्यूमोनिया? सर्दी व्हायरसची, तिला अँटिबायोटिक नको. न्यूमोनिया बॅक्टेरियाचा असू शकतो आणि त्यात उशीर झाला तर मूल दगावतं. म्हणून गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलाचे श्वास मोजायला शिकवलं. खोकला आणि श्वास जलद असेल तर तिथंच अँटिबायोटिक.

१९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचे निष्कर्ष आले. या पद्धतीनं उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं. जिथं हा कार्यक्रम नव्हता, तिथं १३.५ टक्के.

मग आपण काय करायचं?

ताप आला की आधी मलेरियाची तपासणी. गावात आशाताईंकडे त्याची किट असते. निगेटिव्ह आली आणि ताप उतरत नसेल तर आरोग्य केंद्र गाठा. शेतात किंवा जंगलात गेला होतात का, कुठं काही चावलं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. धाप, गुंगी, झटके, रक्तस्राव किंवा सतत उलट्या असतील तर थांबू नका.

आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणू नका. व्हायरसवर ते वाया जातं. वर शरीरातले बॅक्टेरिया त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी चालत नाही.