विश्लेषण : ‘आज कसं वाटतंय?’ या प्रश्नाचे खरे उत्तर वर्गात मिळते का?

प्रगतिपुस्तकात आता मुलांनी स्वतःबद्दल स्वतःच सांगायचे आहे. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला स्वतःकडे बघायला शिकवायचे कसे? आणि त्याने खरे सांगितले, तर ऐकणाऱ्यांची तयारी आहे का?

सकाळची पहिली तासिका. बाई वर्गात येतात आणि विचारतात, ‘‘काय मग, कसे आहात सगळे?’’ चाळीस गळ्यांतून एका सुरात उत्तर येते, ‘‘छाऽऽन!’’ त्या चाळिसांत एक जण घरून मार खाऊन आलेला असतो. एकीचा डबा राहिलेला असतो. एकाला गृहपाठ न झाल्याची धाकधूक असते, तर कुणी वाढदिवस असल्याने हवेत असते. उत्तर मात्र सगळ्यांचे एकच.

हे उत्तर खोटे असते असे नाही. ते पाठ झालेले असते. मुलांना स्व-जाणीव शिकवायची, म्हणजे या पाठ उत्तराच्या जागी खरे उत्तर यावे अशी सोय करायची.

स्व-जाणीव म्हणजे नेमके काय?

स्व-जाणीव म्हणजे आत्मविश्वास नव्हे आणि शहाण्यासारखे वागणेही नव्हे. सोप्या शब्दांत सांगायचे तर मुलाला तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःची स्वतः देता येणे. मला आत्ता काय वाटते आहे? ते कशामुळे वाटते आहे? आणि मला काय जमते, कुठे अडते?

यातला तिसरा प्रश्न थेट अभ्यासाशी जोडलेला आहे. आपल्या विचाराकडे थोडे बाजूला होऊन बघण्याच्या या क्षमतेची मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७९ मधील एका गाजलेल्या लेखात केली. मराठीत तिला ‘विचाराबद्दलचा विचार’ म्हणता येईल. ‘मला गणित येत नाही’ आणि ‘मला हातच्याची वजाबाकी अडते, बाकीची येते’ या दोन वाक्यांतला फरक म्हणजे ही क्षमता. पहिल्या वाक्यावर शिक्षकाला काही करता येत नाही, दुसऱ्यावर येते.

मी इंजिनीअरिंगला असताना एम-थ्रीचा पेपर देऊन खुशीत बाहेर पडलो होतो. निकालात केटी लागली. विषय अवघड होता हे खरे, पण मला काय येत नाही हेच मला माहीत नव्हते. सोडवलेली उदाहरणे वाचून ‘कळले’ असे वाटत होते, कोरा कागद घेऊन मात्र एकही सोडवून पाहिले नव्हते. ही सवय विशीत लावणे जड जाते. दुसरी-तिसरीत ती खेळता खेळता लागू शकते.

हा विषय शाळेत आला कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात शाळांसाठी १० जीवनकौशल्ये सुचवली. त्यांत स्व-जाणीव होती. पुढे अमेरिकेत १९९४ मध्ये ‘कॅसल’ ही संस्था स्थापन झाली. सामाजिक आणि भावनिक शिक्षणाच्या तिच्या पाच क्षमतांच्या यादीतही स्व-जाणीव आहे.

भारतात दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांत नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू केला. त्यात शांत बसणे, गोष्टी, कृती आणि मन मोकळे करणे होते, परीक्षा नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रगतिपुस्तकाची कल्पनाच बदलली. शिक्षकांच्या शेऱ्यासोबत मुलाचे स्वतःचे आणि वर्गमित्रांचे मूल्यमापनही त्यात असावे, असे धोरण सांगते. त्यातून समग्र प्रगतिपत्रक आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, म्हणजे ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी, स्वतःच्या भावना ओळखणे आणि त्या सांभाळणे हे शिकण्याचे एक उद्दिष्ट म्हणून नोंदवले आहे.

महाराष्ट्राला हे अगदी नवे नाही. ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि नंतर राज्यभर पसरला. २०२४ मध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. त्यात खेळ आणि कृतींबरोबर मानसिक आरोग्यालाही जागा आहे. म्हणजे कागदावर जागा झाली आहे. प्रश्न वर्गातल्या जागेचा आहे.

इतक्या लहान वयात कशाला?

आरशातले मूल म्हणजे आपणच, हे बाळाला साधारण १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान कळते. नकळत नाकावर रंगाचा ठिपका लावून आरशासमोर ठेवले, की या वयाचे मूल आरशाला हात न लावता स्वतःच्या नाकाला लावते. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तू कोण?’ विचारले तर ते म्हणते, ‘‘माझ्याकडे लाल सायकल आहे. मी सगळ्यात जोरात पळतो.’’ त्याचे स्वतःबद्दलचे मत साधारणपणे फार चांगले असते.

सात-आठ वर्षांच्या आसपास चित्र बदलू लागते. मूल स्वतःची इतरांशी तुलना करू लागते आणि ‘मी हुशार’, ‘मी ढ’ असे शिक्के स्वतःवर मारू लागते. म्हणून पहिली ते चौथीचा काळ महत्त्वाचा. ‘मी ढ आहे’ हे पक्के होण्याआधी ‘मला भागाकार अजून जमत नाही’ असे म्हणण्याची सवय लागली, तर पुढचे बरेच सोपे होते.

वर्गात हे शिकवतात कसे?

यासाठी वेगळे पुस्तक किंवा ॲप लागत नाही. जगभरात वापरल्या जाणाऱ्या पद्धती साध्या आहेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एका कार्यक्रमात मुले चार रंगांच्या तक्त्यावर आपली जागा शोधतात. आत किती जोर आहे आणि वाटते आहे ते सुखद की त्रासदायक, यावरून रंग ठरतो. लाल म्हणजे जोर जास्त आणि त्रास, उदाहरणार्थ राग. पिवळा म्हणजे जोर जास्त आणि आनंद. निळा म्हणजे मरगळ, हिरवा म्हणजे शांतपणा. आपल्या वर्गात हेच काम चार रंगीत खडू आणि दारामागचा एक तक्ता करू शकतो. परिपाठ संपला की आत येताना मुलाने आपल्या रंगाखाली रेघ मारायची. नाव लिहायचे नाही.

पुढची पायरी शब्दांची. अनेक मुलांकडे भावनांसाठी ‘छान’, ‘वाईट’ आणि ‘राग’ एवढेच शब्द असतात. मराठीत मात्र भांडार आहे : हिरमुसणे, खट्टू होणे, रुसणे, ओशाळणे, भेदरणे, वैतागणे, हेवा वाटणे, हुरहुर, धास्ती. हे शब्द गोष्टीतून देता येतात. गोष्टीतल्या सशाला ‘वाईट वाटले’ यावर न थांबता ‘तो रुसला होता, घाबरला होता की ओशाळला होता?’ असे विचारले, की वर्गात वाद सुरू होतो. मुले या तिन्हींतला फरक त्या वादातूनच शिकतात.

शरीराच्या खुणाही आपल्या भाषेतच आहेत. पोटात गोळा येणे, छातीत धडधडणे, हातपाय गळणे, डोके तापणे. ‘‘तुझ्या पोटात गोळा कधी येतो?’’ हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला ‘तुला चिंता वाटते का?’ यापेक्षा कितीतरी लवकर कळतो.

अभ्यासासाठी तर दोन मिनिटे पुरतात. गणिताच्या तासाच्या शेवटी वहीत उदाहरणाशेजारी खूण करायची : एकट्याने जमले, मदतीने जमले, अजून अडते. खूण करताना मुलाला ‘येते’ आणि ‘येते असे वाटते’ यातला फरक दिसू लागतो.

याचा खरेच उपयोग होतो का?

शब्द देण्याचा उपयोग दिसतो. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या प्रयोगात प्रौढांना रागीट, भेदरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. त्या भावनेला नाव दिले, तेव्हा मेंदूतील अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झाली. भीतीसारख्या भावनांवर हा भाग चटकन प्रतिक्रिया देतो.

शाळांबाबत २०११ मध्ये जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २१३ कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत बालवाडी ते बारावीतली पावणेतीन लाखांच्या आसपास मुले होती. भावनिक-सामाजिक शिक्षण मिळालेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरी सरासरी ११ पर्सेंटाइलने वर गेलेली दिसली. म्हणजे १०० मुलांच्या रांगेत ५० व्या जागी असलेले मूल ६१ व्या जागी पोहोचावे, इतका फरक. वर्गशिक्षकांनी स्वतः चालवलेले कार्यक्रमही परिणामकारक ठरले होते.

पण दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतील ८ हजारांहून अधिक मुलांवर शाळेतील ‘माइंडफुलनेस’ची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या वर्गांच्या तुलनेत मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नव्हता. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. सगळ्यांना एकाच वेळी डोळे मिटून बसवले, की स्व-जाणीव आपोआप येत नाही, एवढा धडा यातून नक्की घेता येतो.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण संख्येची. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकदम सांभाळाव्या लागतात. त्यात नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे. स्व-जाणीव ही आणखी एक नोंद झाली, तर ती नोंदीपुरतीच राहणार. समग्र प्रगतिपत्रकातले मुलाचे पान घाईत मोठ्यांनीच भरून टाकले, तर त्याचा हेतूच संपतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. समजा, एका मुलाने लाल रंगाखाली रेघ मारली आणि विचारल्यावर म्हणाला, ‘‘मला सरांचा राग आलाय.’’ त्यावर ‘‘असं बोलतात का?’’ हे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या दिवशी तो हिरव्याखाली रेघ मारेल. त्याचे पाहून वर्गही तेच करेल. मुले फार लवकर शिकतात, पण त्या दिवशी ती स्वतःला ओळखायला शिकत नाहीत. मोठ्यांना काय ऐकायला आवडते, ते शिकतात. आणि मग सगळे पुन्हा एका सुरात ‘छाऽऽन’वर येते.

म्हणून काही पथ्ये आवश्यक आहेत. मुलाच्या उत्तराला गुण द्यायचे नाहीत. ते वर्गासमोर वाचायचे नाही. सांगायचे नसेल तर ‘आज नको’ म्हणण्याची मोकळीक हवी. आणि एखाद्या मुलाच्या बोलण्यातून मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर ते वर्गात मिटवायचे प्रकरण नव्हे. पोक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे.

पालकांनी घरी काय करावे?

‘‘आज शाळेत काय केलं?’’ याचे उत्तर बहुतेक घरांत ‘‘काही नाही’’ असेच असते. त्याऐवजी ‘‘आज कुठे अडलं?’’ किंवा ‘‘आज कशाचा वैताग आला?’’ विचारून पाहा. आणि आधी स्वतःचे सांगा : ‘‘मला आज ट्रेनमध्ये इतका वैताग आला, की घरी येऊन उगाच तुझ्यावर ओरडले.’’ मोठ्या माणसाने आपली चूक अशी नावानिशी सांगितलेली ऐकणे, हा मुलासाठी सगळ्यात सोपा धडा असतो.

मूल खरे बोलले की लगेच उपाय सांगायची घाई टाळा. ‘‘त्यात काय रडायचं!’’ हे वाक्य प्रेमानेच म्हटले जाते. पण त्यातून मुलाला कळते ते इतकेच, की त्याला जे वाटते ते चूक आहे.

पुढच्या वेळी प्रगतिपत्रक हातात आले, की मुलाने भरलेले पान आधी वाचा. तिथे सगळे हसरे चेहरे असतील तर आनंद आहेच. पण एखादा चेहरा रडवेला असेल, तर त्यावरून ओरडू नका. कदाचित त्या पानावरचे तेच सगळ्यात खरे उत्तर असेल.